दोन फूट

बोर्ड मोठा करून द्या, म्हणाले भुपाल बिरनाळे,
लाइटी लावा, माळा सोडा,
काय वाट्टेल ते करा, पण गिऱ्हाईक आत आलं पाहिजे.
मी म्हटलं, आधी बघते.

समोरच्या रसवंतीत तीन दुपारी बसले.
वहीत दोनच रकाने: थांबले, चढले.
हरभट रोड वाहत होता,
स्कूटीवर पायांत दाबलेली पोती, हवेत हळद,
आणि मधे बिरनाळ्यांच्या चार पायऱ्या,
पुरानंतर उचललेल्या जोत्याच्या,
काळ्या, गुळगुळीत, कुणाच्याच नसल्यासारख्या.

वडापमधून उतरलेली एक बाई, कडेवर पोर.
तिनं वर बघितलं,
पोर या कडेवरून त्या कडेवर घेतलं
आणि शेजारच्या दुकानात गेली.
एक म्हातारा पहिल्या पायरीशी चपला काढू लागला,
मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत घातल्या.
तिसरी तर चढली. चारही.
वर काळ्या काचेत तिला तीच दिसली.
पदर सारखा केला, कपाळावरचे केस मागं सारले,
उतरली.
दारावर 'ढकला' लिहिलेलं,
त्यातला 'ला' कधीच गळून पडलेला.

दार दोन फूट आत घ्या, मी म्हटलं.
ते दोन फूट रस्त्याला देऊन टाका.
"रस्ता भाडं देणार काय ओ?"

पायऱ्या फोडा. जमीन रस्त्याला टेकू दे.
चढ आत न्या, भिंतीलगत, कापडाच्या गठ्ठ्यांमधून,
इतका सावकाश की पायांना कळू नये.
काच साधी लावा.
तुम्ही दिसा. तुमचा चहा दिसू दे.

ते उठले.
भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर,
निळ्या ऑइलपेंटची रेघ होती, तिच्यावर बोट ठेवलं.
दसऱ्यासाठी भरलेला माल. हिरव्याचा रंग पिवळ्याला लागलेला.
महिनाभर दुकानाला नदीचा वास येत होता, म्हणाले,
गिऱ्हाईक नाकाला पदर लावायचं.

त्या रात्री मी नकाशा पुसून पुन्हा काढला.
चौकटीला दोन्हीकडून खाच.
खाचेत फळ्या सरकवायच्या, एकीवर एक.
रेघेएवढं पाणी त्या अडवणार नाहीत,
हे मी स्पष्ट सांगितलं.
पण माल माळ्यावर न्यायला एक रात्र मिळेल.
"एक रात्र," ते म्हणाले, आणि बराच वेळ हिशोब करत राहिले.

रसूल शिकलगारनं चौकट बसवली.
मूठ लाकडाची केली त्यानंच, मला न विचारता:
एप्रिलात स्टील हाताला चटका देतंय, म्हणाला.
फळ्या ठेवायच्या कुठं, तर दाराबाहेर कट्टा बांधला,
पोकळ, सावलीतल्या त्या दोन फुटांत.

पहिले आठ दिवस नुसते बसणारेच आले.
हमाल. क्लास सुटलेली पोरं.
बिरनाळ्यांनी फोनवर मला मोजून सांगितले.

नवव्या दिवशी मीच गेले.
कट्ट्यावर एक म्हातारी भडंग खात होती.
जागची न उठता तिनं आत हाळी दिली,
"ओ, त्यो हिरवा खण केवढ्याचा?"
आतून भाव आला.
"लई सांगताय," ती म्हणाली, आणि खात राहिली.
मग बिरनाळे खण घेऊन उतार उतरून आले,
तिच्या मांडीवर पसरला.
तिनं आधी हात पदराला पुसले.

घेतला की नाही, मी थांबले नाही बघायला.
तिच्याखाली, अंधारात, आठ फळ्या होत्या,
खडूनं नंबर घातलेल्या,
कोरड्या.