पट्टी

मिरजेत कुणालाही म्हणा, पट्टी हवीय,
तर आधी विचारतात, लागलं कुठं?
दवाखान्यांचं गाव.
तंतुवाद्यांच्या गल्लीत विचारतात,
काळी दोन का पांढरी चार?
मला हवी होती लाकडाची,
साडेअठरा इंच लांब, पाव इंच जाड,
बावीस पडदे मावतील अशी.

दस्तगीरचाचा दोन पायांत भोपळा धरून बसलेले.
वर न बघता म्हणाले,
"पडदे दोऱ्यानं बांधणार?"
"नाही. करवतीनं खाचा पाडून त्यात तार ठोकायची."
"मग सरकवायचे कसे?"
"सरकत नाहीत, चाचा."
पटाशी खाली ठेवली त्यांनी.
"आन् चुकलं तर?"
"चुकलेलंच राहतं."
बराच वेळ भोपळ्यावरून हात फिरवत राहिले.
मग म्हणाले, "बस."

मी कुपवाडच्या शेडात जळालेल्या मोटारी भरते.
काळी पडलेली तार उपटायची,
नवी घालायची, वेढ्यावर वेढा.
गिटारचे पिकअपही मीच भरले,
केसाहून बारीक तारेचे आठ हजार वेढे.
मध्येच लाइट गेली तेव्हा
पाच हजार दोनशे सात हा आकडा
अंधारात तोंडात धरून बसले होते,
कुणी हाक मारली तरी ओ दिली नाही.
विजेचं मला कळतं.
लाकडाचं नाही.

मेपल कुरिअरनं मागवलेलं.
दुधाच्या दातासारखं.
माझ्या नखांत वार्निश, बोटांच्या रेघांत काळं;
त्याच्यावर मी
सोफ्याच्या कडेवर टेकलेल्या पाहुणीसारखी वाजले असते.

आबनूस चाचांनी बोटाच्या पेराने ठोकलं.
टक्.
मागं काही नाही.
"हे ऐकून घेतं सगळं," ते म्हणाले,
"आपलं काही सांगत न्हाई."

तूण मऊ. तंबोऱ्याला ठीक,
पोलादी तारेखाली वर्षात खड्डे.

बेंजामिन, आमचा ड्रमवाला, उंबऱ्यातून म्हणाला,
"अगं वायर लावल्यावर लाकूड कुणाला ऐकू येतं?"
खरंही असेल.
पण वायर काढल्यावर,
रात्री दोनला, शेजारी झोपलेले असताना,
मी काय वाजवते हे त्याला माहीत नाही.

शेवटी चाचा माळ्यावर चढले.
शिसवाची फळी, धोतराच्या फडक्यात.
थुंकी लावून अंगठा फिरवला
तसा आतून जांभळा उठला,
ओल्या गुरासारखा वास.
पाठीवर पेन्सिलीनं, त्यांच्या अब्बांच्या हातचं :
दिलरुबा, दांडी.
अडीचशे. पैकी पन्नास जमा.
"गिऱ्हाईक परत आलंच न्हाई.
पन्नास आमच्याकडं राह्यले,
म्हणून इकली न्हाई कधी."
"मग आता?"
ते फळीकडे बघत होते, माझ्याकडे नाही.
"तू दोनशे दे."

मी आजचा भाव सांगून बघितला.
त्यांना राग आला.

खाचा मीच पाडल्या.
प्रत्येक माप तीनदा, श्वास धरून,
मोटारीवर कधी धरला नव्हता इतका.
सातव्या आणि आठव्याच्या मध्ये एक जुनं खिळ्याचं भोक निघालं.
बुजवायला भुसा कालवला,
आणि तसाच वाळू दिला वाटीत.
पेन्सिलीची बाजू सरसाखाली गेली.
शिकंज्यात दोन रात्री.

तयार गिटार चाचांनी मांडीवर घेतली, उलटीसुलटी करत,
परक्याचं बाळ घेतात तशी.
प्लग लावू दिला नाही.
पाचव्या पडद्यावर बोट ठेवून
तार बाजूला ओढली,
सतारीवर ओढतात तेवढी, पाच सुरांची मींड घ्यायला.
एवढी जागाच नव्हती.
तार काठावरून घसरली, खटकन.
"अरुंद हाय," म्हणाले,
आणि पुन्हा ओढली,
थोडी कमी.