घनफूट

देसाईगंजचा लाकूडवाला टेप लावतो
माजघराच्या खांबाला.
अस्सल सागवान, म्हणतो, आलापल्लीचं.
मग बोट अडकतं खाचांत.
"हे कोनं कोरलं जी?"

गुणाजी पणज्यानं. वैनगंगा जिथवर चढली
तिथवर पटाशीची एकेक खाच.
सर्वांत वरची माझ्या कपाळाशी;
त्या साली अर्धं गाव आमच्या माळ्यावर,
सोनबा ढिवराची सून तिथंच बाळंत झाली.

खराब माल, म्हणतो तो,
घनफुटामागं साठ रुपये कापतो.

तेवढा तुकडा मी मागून घेतला.
न्या, म्हणाला, वायाच जाणार तो.

नव्या घरात उभा केलाय, टीव्हीशेजारी.
फक्त इथलं जोतं तीन फूट उंच,
आणि खांब खालून कापलेला.
पोरगी विचारते, पाणी कुठवर होतं?
मी हात वर नेतो,
जरा खाली आणतो.