कलम सतरा

चूक माझीच.
एकोणीस वर्षांपूर्वी, शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत,
जिन्याखालच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात
चौगुले आणि परीट एकाच स्टुलावर
अर्धे अर्धे बसले होते.
लाँड्री काढायची होती. भागीदारी निम्मी.
'सामंत, कागद भारदस्त पाहिजे,' चौगुले म्हणाला.
मी ड्रॉवरमधून कुठल्याशा जहाजाचा करार काढला,
त्यातलं सतरावं कलम जसंच्या तसं उतरवलं :
वाद उद्भवल्यास तीन लवाद. बैठक लंडन येथे.
दोघांनी मान डोलावली.
उद्भवणार कुठे होता? पण लंडन कानाला बरं लागलं.

आता उद्भवलाय.
एक्केचाळीस हजार दिरहम, एक स्टीम प्रेस,
आणि ईदच्या आदल्या रात्री कुणी कुणाला
गिऱ्हाइकांदेखत काय म्हटलं ते.
ऑगस्टची दुपार. दोघं दोन खुर्च्या मागतात.
माझ्याकडे तेच स्टूल.
परीट उभा राहतो.

'खरंच लंडनला जावं लागतं?'
तिथल्या एका लवादाच्या फीमध्ये
तुमची लाँड्री येईल, म्हटलं, वर इस्त्र्या फुकट.
'मग मी सरळ कोर्टात जातो.'
जा. समोरच्याने कलम सतरावर बोट ठेवलं
की कोर्ट म्हणेल, आधी हे वाचा.
'आणि लवाद चुकला तर?'
चुकलेला निवाडासुद्धा निवाडाच.
नीट चाललं नाही म्हणता येतं,
पटलं नाही म्हणता येत नाही.
'मध्यस्थ काय देतो?'
काही नाही. पाणी देतो.
'मग तू हो.'
मी कसा होऊ? मी तर आरोपी.
चौगुलेला हसू आलं. परीटला आलं नाही,
पण त्याने भिंतीचा आधार घेतला.

दार लावलं. पाटी उलटी केली.
आत बोललेलं आतच राहतं, हा पहिला नियम,
म्हणून पुढचे तीन तास इथे नाहीत.
एवढंच सांगतो :
एसीखालची बादली दोनदा भरली
आणि दोन्ही वेळा ती परीटने ओतली,
दुसऱ्यांदा चौगुलेने दार धरलं.

मग भराभर झालं.
प्रेस परीटची. गाळा चौगुलेचा.
रकमेचे अकरा हप्ते, चेक नकोत,
चेक परतला की माणसंही परतत नाहीत.
सही करायला पेन उचललं
तेव्हा परीट म्हणाला, 'आणि मागच्या दांडीवरचे?'

मागच्या दांडीवर त्रेसष्ट कपडे.
धुतलेले, इस्त्री झालेले, न नेलेले.
एक शेरवानी, जिच्या खिशात अजून अत्तराचा फाया.
शाळेचा निळा फ्रॉक, ती पोर आता नोकरीला असेल.
एका पेशावरच्या ड्रायव्हरच्या चार सलवारी,
'सोमवारी येतो' म्हणून गेला,
कुठला सोमवार, ते पावतीवरही पुसट झालंय.

'कुणी पावती घेऊन आलं, तर जबाबदार कोण?'
मी म्हटलं, ज्याचा गाळा, त्याची जबाबदारी.
परीट म्हणाला, 'धुतले मी. माझी.'
चौगुले म्हणाला, 'पैसे मी घेतले. माझी.'
आणि मग अशी जुंपली
की एक्केचाळीस हजारांवर झाली नव्हती तशी.
हक्कासाठी भांडणारे मी रोज टाइप करतो,
देण्यासाठी भांडणारे
कुठल्या रकान्यात घालायचे?

लिहिलं : कपडे गाळ्यातच राहतील.
किल्ली दोघांकडे.
माणूस येईल तेव्हा
जो दुकानात असेल त्याने दुसऱ्याला बोलवायचं,
आणि तो येईपर्यंत
गिऱ्हाइकाला चहा द्यायचा.

कायद्याच्या भाषेत हे बसत नाही, मला ठाऊक आहे.
दोघांनी वाचलं. चौगुलेने दोनदा,
चष्मा परीटचा लावून.

कलमं सोळा झाली.
सतरापर्यंत मी जाऊच दिलं नाही.

टायपिंगचे तीस दिरहम.
अजून कुणी पाकीट काढलेलं नाही.