दादरीचे दाणे

सुपडू भोईनं डोक्याचा रुमाल सोडून
आसरांपुढे अंथरला,
वर ओंजळभर दादर ओतली.
सात दगड, शेंदरानं जाड झालेले,
तापीचं पाणी उतरलं की शेवटच्या पायरीवर दिसणारे.
"चिमूट उचल. जोड्या जमल्या तर हो.
एक उरला तर नको."

मी अंगणवाडीतली बाई.
मोजण्यातच हयात गेली :
पोरांची वजनं, अंडी, पोलिओचे थेंब.
तरी इथं आले,
कारण नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलंय
लीलाधरला माझीच किडनी जुळते.
आणि तो घरी येऊन काहीच बोलला नाही.
ओट्यावर बसला, अर्धा कप चहा घेतला
(दिवसाचं पाणी त्याला मोजूनच मिळतं),
चपला घालून गेला.

हाच लीलाधर
अकरा वर्षांपूर्वी यावलच्या तहसीलमध्ये म्हणाला होता,
"ताई, नुसती सही आहे."
विहिरीजवळची दोन बिघे केळी
त्या सहीत गेली.
केळीचं नाही एवढं.
पण बाहेर आल्यावर त्यानं मला उसाचा रस पाजला,
आणि रसवंतीवाल्याला म्हणाला,
ताईला बर्फ जास्त घाल, तिला आवडतो.
तो बर्फ अजून दातांत कळ मारतो.
तेव्हापासून आखाजीला माहेरी गेले नाही.
लिंबाला झोका बांधतात म्हणे अजून.
माझ्या पोरीनं तो पाहिलेला नाही.

पहिली चिमूट. बारा.
सहा जोड्या, शेजारी शेजारी, शहाण्यासारख्या.
माझ्या पोटात खड्डा पडला.
"परत," मी म्हटलं.
दुसरी चिमूट. सतरा.
एक दाणा उरला
आणि, खोटं कशाला सांगू,
हायसं वाटलं.
लगेच लाजही वाटली.
"परत."

सुपडूनं दाण्यांवर पंजा ठेवला.
"आता तू इचारत नाही, माय.
आता तू भाव करते."

मग मी भांडलेच.
सातही जणींना ऐकवलं :
तहसील, बर्फ, झोका,
आई गेली तेव्हा
उंबऱ्याच्या बाहेरूनच परतलेली मी.
पलीकडच्या काठाला कुणी म्हशी धूत होतं,
त्यानं वळून पाहिलं.
आसरा काही बोलल्या नाहीत.
मधे थांबवलंही नाही.

बोलून संपलं तेव्हा
माझा प्रश्न ठेवल्या जागी नव्हता.
देऊ की नको, असा आणला होता मी तो घरून.
आता तिथं दुसराच कुणी बसलेला :
दिली, तर उद्या भरल्या पंगतीत
त्याच्या तोंडावर फेकणार नाही,
एवढं होईल का गं माझ्याकडून?
नाही दिली, तर
दाण्यांनी सांगितलं होतं, असं
पोरीला सांगत तर बसणार नाही?

ह्याला चिमूट पुरत नाही.

सुपडूनं दादर पाण्यात सोडली.
मासे वर आले.
मी वीस रुपये ठेवले, त्यानं दहा परत केले.

फाट्यावर एसटी थांबली.
"सावदा?" कंडक्टरनं विचारलं.
रोजची मान हलणारच होती.
"भालोद," तोंडातून गेलं,
माहेरचं नाव, इतक्या वर्षांनी,
जरा घोगरंच.
सुट्या पैशांसाठी मूठ उघडली
तर घामानं चिकटलेले दाणे होते तळव्याला.
किती, ते पाहिलं नाही.