संदर्भ कालावधी

सेलूच्या बंद जिनिंगमागे, पत्र्याच्या तिसऱ्या खोलीत
टॅबलेट उघडला. घर क्रमांक ०४१७.
एकूण व्यक्ती: दोन.
प्रयागबाई, वय अंदाजे सत्तर, खाटेवर, उजवी बाजू गेलेली;
माहिती देण्यास असमर्थ, असं मी नोंदवलं
आणि तिनं डाव्या डोळ्यानं माझ्याकडं असं बघितलं
की ते खोडावंसं वाटलं.
खोडता येत नाही.

उत्तरं बदामबी देणार.
कुटुंबप्रमुखाशी नातं?
अकरा कोड आहेत: पत्नी, सून, नात, भावजय...
"नातं कसलं माय. एका पाळीत होतो.
ती रेच्यावर, मी सरकी झाडायला."
मी बारा दाबलं: इतर, नातेवाईक नाही.
टॅबलेटनं लगेच विचारलं, मग ही दोन घरं आहेत का?
चूल एक.
मी चुलीचा फोटो टाकला.

विमा आहे?
तिनं डब्यातून पिशवी, पिशवीतून कार्ड काढलं,
लॅमिनेशन केलेलं, कडेला हळद लागलेली.
"परभणीला भरती होती तवर चाललं, नऊ दिवस.
घरी आणली अन् कार्ड म्हणलं, आता माझं काम संपलं.
दवाखान्यातली खाट त्यात बसती. ही बसत नाही."
मी 'होय' दाबलं.
प्रश्न तेवढाच होता.

गेल्या चोवीस तासांत काळजी घेण्यात गेलेला वेळ, तासांत.
"घड्याळ कुठंय?
फजरला डावी कूस, जोहरला उजवी,
असरला टेकून बसवायची, पेज पाजायची,
मगरीबला पुसून काढायची, इशाला परत डावी.
डॉक्टर म्हणले दर दोन तासाला, नाहीतर पाठ सडंल.
तर मधल्या वेळा जिनिंगच्या भोंग्यावर."
भोंगा तर बंद झालाय ना?
"कव्हाच.
कान कुठं बंद झालेत."

आकड्याशिवाय रकाना पुढं जाईना.
मी बोटं मोजली, सहा टाकले,
मग नऊ,
मग रात्र आठवली.

मोबदला मिळतो का? किती? कोणाकडून?
इथं शून्य टाकलं की लाल चौकट येते.
नातं नाही अन् पैसाही नाही, अशी काळजी
प्रश्नावली लिहिणाऱ्या कुणाला सुचली नसावी.
बदामबी विचारात पडली, सरकारला खोटं नको म्हणून.
"मिळालाय की. माझ्या थोरल्याच्या टायमाला
हिनं पंधरा दिवस दोन पाळ्या केल्या,
एक हिची, एक माझी. हजेरीला माझं नाव सांगायची.
मुकादम म्हणायचा, बदामबी, आज कुंकू लावून आलीस?
पण खाडा मांडला नाही एक."
खाटेवरून आवाज आला, अर्ध्या तोंडाचा.
हसू होतं ते.

पंधरा दिवस, आगाऊ. मी भरायला गेले.
संदर्भ कालावधी: मागील बारा महिने.
कॅलेंडर त्याच्या मागं सरकतच नाही.

शेऱ्याला अडीचशे अक्षरं.
'हिशोब जुना आहे' एवढं लिहिलं
आणि असरची अजान सुरू झाली.
बदामबीनं माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला.
"बसलीसच तर खांदा धर."

प्रगणकानं हस्तक्षेप करू नये, पुस्तिका, पान सहा.
खांदा हलका होता, आणि गरम.
मानेखाली पावडरचा वास.
उशी कुठं सारायची ते प्रयागबाईनं डोळ्यानं दाखवलं,
मी चुकले, तिनं पुन्हा दाखवलं.

संध्याकाळी स्टेशनवर पर्यवेक्षकांचा फोन.
०४१७ ला लाल खूण आहे, मॅडम.
मुलाखत एक तास बारा मिनिटं, ठीक,
पण मध्ये चार मिनिटं टॅबलेट नुसता पडलाय.
'निष्क्रिय' असं येतंय तिथं.

मी म्हणाले, येऊ द्या.