दुसऱ्या गिअरचा आवाज

बॉनेटवरचं हळदीकुंकू अजून पुरतं निघालं नाही,
सीटचं प्लॅस्टिक बायको काढू देत नाही,
आणि चार हजार एकशे किलोमीटरला
दुसऱ्या गिअरवर गाडी म्हणाली : टक्.

एकदाच. मग कुंभारीच्या चढाला पुन्हा.
मागे टॉवेलचे बावीस गठ्ठे,
पुढे बेचाळीसचं ऊन,
आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा,
पुस्तकात त्याचं नाव आहे, कारण नाही.

होटगी रोडच्या शोरूमला एसी आहे.
गाडी घेतली त्या दिवशी पेढा दिला,
थर्माकोलची, माझ्या कमरेएवढी चावी दिली, फोटो काढला.
तो अजून भिंतीवर आहे.
सर्व्हिसचं दार मागच्या बाजूला.
तिथं पत्रा, एक पंखा,
आणि फोटोतल्या माणसाला तिथं कुणी ओळखत नाही.

समोरच्या पोराचं नाव निनाद.
हसू आलं, आवरलं.
"दुसऱ्याला टक् वाजतंय बगा."
त्यानं लिहिलं : ग्राहकाच्या म्हणण्यानुसार आवाज.
विमानतळाच्या भिंतीपर्यंत फिरवून आणली,
रिकामी, गुळगुळीत रस्त्यानं.
इन्स्पेक्टर आल्यावर वर्ग बसतो तशी
गाडी हाताची घडी घालून गप्प.
"बघा काका, आवाज येत नाही."

दुसऱ्या खेपेला सॉफ्टवेअर बदललं. दिवा गेला,
बाळ्यापर्यंत गेला, तिथून परत आला.
तिसऱ्या खेपेला म्हणाले, तुम्ही माल जास्त भरता.
मालाच्या गाडीत काय भरायचं असतं, ते सांगितलं नाही.
क्लच प्लेट वॉरंटीत बसत नाही, ती झिजणारी वस्तू.
बसतो तो पार्ट पुण्याहून येतोय.
एकोणीस दिवस झाले, चालत येत असेल.
तीन वर्षं किंवा लाख किलोमीटर, जे आधी होईल ते.
इथं काहीच आधी होत नाही.
फक्त पाच तारखेला मोबाइल वाजतो, हप्ता कापल्याचा,
तो आवाज सगळ्यांना येतो.

कुरापाटीशेठनं परवा
मला चहा पाजून
गठ्ठे दुसऱ्याच्या गाडीत भरले.

माझे नायना चौतीस वर्षं मागावर होते.
साखर पेठेत भिंतीपलीकडे शेड, आठ माग,
आत माणसं ओठ वाचून बोलायची.
तरी रात्रपाळीला घरी झोपेतून उठून बसायचे :
"पाचव्याचा धोटा अडकतोय."
आणि अडकत असे.
कुणी पुरावा मागितला नाही.
जॉबर पान्हा घेऊन यायचा, संपलं.
ते कान माझ्या वाटणीला आले. दुसरं काही आलं नाही.

चौथ्या खेपेला मौलाली मिस्त्री भेटले,
गाडीखालून आधी पाय, मग दाढी बाहेर आली.
"रिकामी गाडी काय बोलणार?
भरून आण."
भरून आणली. शेजारी बसले,
डोळे मिटले, हात दारावर ठेवला.
चढाला दुसरा टाकला.
टक्.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.
लग्न जमल्यासारखं हसलो, दोघंही.
"आला," ते म्हणाले.

निनादनं स्क्रीन बघितली.
एरर कोड नाही.
मिस्त्रीला ऐकू आलं, असा रकाना नाही.
तो वाईट पोरगा नाही. त्यानं खरंच शोधला,
वरून खाली, मग खालून वर.

मौलालींनी हात पुसले,
जॉब कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं :
टक्. भरलेली. चढाला.
खाली सही, काळ्या अंगठ्याच्या डागासकट.

तो कागद मी विम्याच्या कागदांवर ठेवलाय,
खाली नाही, वर.
पार्ट अजून यायचाय.
चढाला गाडी बोलते,
मी एसी बंद करतो, काच खाली घेतो,
म्हणतो, हां, बोल.