तांब्यानंतर

दांगुओले चिमट्याने उचलते
शेवाळाची एकच पेशी,
तिच्या करंगळीहून लांब.
जूनमध्ये होडीतून दाताळं टाकून
सरोवराच्या तळातून ओढलेलं हे हिरवं जावळ
विल्नियसच्या एका तळघरात
काकडीच्या लोणच्याच्या जुन्या बरण्यांत वाढतं आहे.

भिंगाखाली, आत, सगळं वाहतं.
एका कडेने जातं, टोकाशी वळतं,
दुसऱ्या कडेने परत येतं.
हाकणारं कुणी नाही.
पडद्याच्या आत उणे दोनशे मिलिव्होल्ट,
बाहेर नुसतं पाणी,
मध्ये
एकेका आयनापुरती दारं.

ती विजेची टिचकी मारते.
उंबरठा ओलांडला की
कॅल्शियम उसळतं, क्लोराइड बाहेर धावतं,
आणि आतला प्रवाह थबकतो,
बोलता बोलता नाव विसरलेल्या माणसासारखा.
पाच-सात मिनिटांनी एक कण हलतो,
त्याच्यामागून दुसरा.
जसं काही घडलंच नव्हतं.

हे रोजचं. आता धातू.

गॅडोलिनियम दारातच ठाण मांडतं,
कितीही टिचक्या मारा, आतून ओ नाही.
निकेल दार लावू देतं, पण सावकाश.
पडद्यावरची रेघ उतरता उतरत नाही.
तांबं कडी वाजवत नाही,
ते बिजागरीच सैल करतं.
उणे दोनशे. उणे एकशे साठ. नव्वद.
(पाण्यात तांबं म्हणजे
किती शुभ वाटतं ऐकायला.)

तिचे वडील मुलामा देण्याच्या कारखान्यात होते.
शनिवारच्या वाफेच्या न्हाणीनंतरही
त्यांच्या नखांच्या मुळाशी निळसर हिरवं उरायचं.
सूप पिताना चमचा हातातून सुटायचा
आणि ते चमच्यालाच रागवायचे.
कारखान्याचं पाणी कुठे जातं, तिने एकदा विचारलं.
"खाली," ते म्हणाले
आणि बीट सोलत राहिले.

झिगिंतास कोट चढवत म्हणतो,
ही गेली. दुसरी घे, उद्या.
ती मान हलवते. हो म्हणून की नाही म्हणून,
ते त्याला कळत नाही.
तो गेल्यावर ती तांब्याचं पाणी काढते,
स्वच्छ पाणी सोडते, थेंबाथेंबाने,
मग पुन्हा काढते, पुन्हा सोडते.
धुण्याचं हे काम वहीत लिहायचं नसतं.

आठ मिनिटं. अकरा.
कण जिथल्या तिथे,
बर्फात रुतलेल्या होड्यांसारखे.
ती भिंगावरचा डोळा हलवत नाही,
पापणीत पाणी येतं तरी.

अठराव्या मिनिटाला
एक कण सरकला, केसभर.
पण त्याच वेळी वरच्या रस्त्यावरून
ट्रॉलीबस गेली होती,
टेबल जरासं हललं होतं.

ती वहीत लिहिते: अठरा.
पुढे प्रश्नचिन्ह काढते.
आणि दिवा चालू ठेवून
पुन्हा भिंगावर वाकते.